बावखलावर सरळ केलेल्या गाड्या

मी, श्रीरंग गंगाराम चुरी, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी व आता वाडी, राहणार वाघोली, तालुका वसई, जिल्हा पालघर, आज माझ्या घराच्या ओटीवर बसून, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की कोणी गोड बोलून गळ घातलेली नाही. उलट कालपासून घरातले सगळे मलाच घाबरून आहेत. मी रागावलेलो आहे हे खरे आहे आणि ते लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. राग आला म्हणजे डोके फिरले असे ज्याला कोर्टात म्हणायचे असेल, त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. रक्तदाब जास्त आहे असे त्यात लिहिले आहे. अक्कल कमी आहे असे कुठेही लिहिलेले नाही.

कलम १. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्याआधी कागदपत्रे उरकावीत म्हणून वकिलांकडून एक मसुदा टाइप करून आणला होता आणि साक्षीदारांना आज संध्याकाळी बोलावले होते. त्या मसुद्यात "माझा एकुलता एक मुलगा चि. स्वरूप याने माझी मनोभावे सेवा केली असल्याने" असे वाक्य होते आणि त्याखाली सगळेच त्याच्या नावावर होते. तो मसुदा मी काल संध्याकाळी फाडला. त्याचे तुकडे कोणाला सापडले तर ते चिकटवून आणू नयेत. ते वाक्य वकिलांचे होते, माझे नव्हते. यापुढे जे लिहिले आहे तेच माझे.

कलम २. राहते घर, त्यातील सर्व सामान आणि घरामागची केळीची वाडी ही माझी पत्नी सौ. वसुंधरा हिची. ती हयात असेपर्यंत तिला या घरातून कोणी "आई, तू जरा हेमालीकडे जाऊन राहा ना" असे सुद्धा म्हणायचे नाही. तिच्यानंतर घर आणि वाडी माझी मुलगी हेमाली हिच्याकडे जाईल. हेमाली नायगावला टॉवरमध्ये राहते, बँकेत नोकरी करते, तिला वाडीची गरज नाही असे तिचा भाऊ म्हणेल. गरज कोणाला आहे हे मी विचारलेले नाही.

ही सर्व जमीन माझे वडील कै. गंगाराम यांनी त्यांच्या मृत्युपत्राने मला एकट्याला दिलेली आहे, त्यामुळे ती कोणाला द्यायची हे ठरवायला मी मुखत्यार आहे. सातबाऱ्यावर माझेच नाव आहे. काल स्वरूपने फोनवर कोणाला तरी "वडिलोपार्जित आहे, ते काही करू शकत नाहीत" असे सांगितले. मी ओटीवर होतो, भिंत पातळ आहे आणि कान माझे अजून चांगले आहेत.

कलम ३. आता बावखलाचे.

वाडीच्या पश्चिम कडेला, जिथे सध्या "चुरी अँड सन, जुन्या गाड्यांचे खास काम" असा बोर्ड आहे, तिथे बावखल होते. आमच्याकडे बावखल कशाला म्हणतात हे ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, विहिरींना गोडवा राहतो आणि उन्हाळ्यात केळीला, पानवेलीला पाणी मिळते. आमचे बावखल माझ्या आजोबांच्याही आधीचे. मी त्यातच पोहायला शिकलो. हेमालीही शिकली. स्वरूप शिकला नाही, त्याला गाळाची किळस यायची.

काही वर्षांपूर्वी मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हेमालीकडे जाऊन राहिलो होतो. डोळ्यावरची पट्टी काढून घरी आलो आणि पाहतो तर बावखल नाही. वसुंधरेच्या भावाचा मुलगा कुशल पाडकामाचा राबिट उचलायचे कंत्राट घेतो. त्याला तो टाकायला जागा हवी होती आणि स्वरूपला शेड हवी होती. दोघांनी मिळून डंपर लावले. कुठल्या तरी पाडलेल्या चाळीच्या विटा, फरशा, संडासाची भांडी, सगळे आमच्या पाण्यात ओतले, वर मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि सिमेंटचा कोबा केला. मला स्वरूप म्हणाला, "बाबा, सरप्राइज द्यायचं होतं."

मी त्या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही असे त्याच दिवशी सांगितले. बोर्डावर माझे नाव न विचारता रंगवले होते, ते पुसायलाही मी आत गेलो नाही. या वर्षीचे नवरात्र जवळ येईपर्यंत माझा शब्द मी पाळला. वसुंधरेने असा काही शब्द दिलेला नव्हता, म्हणून ती शेडमध्ये कारागिरांचा चहा घेऊन जात असे. त्याचे पुढे काय झाले ते कलम ५ मध्ये येईल.

माझी आज्ञा अशी आहे की माझ्या मृत्यूनंतर ती शेड उतरवावी, कोबा फोडावा आणि बावखल पुन्हा मोकळे करावे. ही जागा मी कोणालाही देत नाही, ती पाण्याला परत देतो. पाण्याच्या नावाने सातबारा होत नाही, म्हणून कागदोपत्री ती हेमालीच्या नावे राहील आणि तिने ती विकायची नाही, भरायची नाही, भाड्याने द्यायची नाही.

कुशलला मी त्यातून निघणारा सगळा राबिट देतो. स्वतःच्या डंपरने, स्वतःच्या खर्चाने घेऊन जावा. याशिवाय त्याला काही नाही.

कलम ४. पिकअप. ही अमेरिकन बनावटीची गाडी वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतली. बोजड, हिरवी, गोल दिव्यांची. तिच्या हौद्यात बसून वाघोलीची केळी, पाने आणि सोनचाफा स्टेशनापर्यंत गेला. माझी वरात तिच्यातूनच आली. वसुंधरेचे माहेर नायगावच्या खाडीकाठचे, तिकडच्या मातीच्या बांधावरून नवरीला घेऊन येताना गाडी एकदाही कलली नाही, असे माझे सासरे मरेपर्यंत सांगत. पुढे एकच अखंड एक्सल, दोन्ही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा आणि खाली लोखंडी चासी, म्हणजे सगळी गाडी पेलणारा सांगाडा. पाट्यांवर बसणारी गाडी दणके देते, पण काय दुखते ते सरळ सांगते.

गेल्या वर्षी पुढची चाके ज्यांवर वळतात ते तिचे किंगपिन झिजले, स्टिअरिंगला खेळ आला. मी स्वरूपला म्हटले, किंगपिन आणि बुश बदलून दे. शेडमध्ये जायचे नसल्याने गाडी गेटपाशी उभी केली आणि चावी दिली. हे एवढेच काम सांगितले होते.

त्याने काय केले? पुढचा एक्सल आणि पाटे काढून टाकले. भंगारात निघालेल्या एका नव्या गाडीचा पुढचा भाग कापून आणला आणि दोन्ही चाके स्वतंत्र हलणारे सस्पेन्शन आमच्या चासीला वेल्ड केले. वर डिस्क ब्रेक, वर पॉवर स्टिअरिंग. लग्नाच्या शूटिंगसाठी कळंबच्या किनाऱ्यावर नवरा-नवरी घेऊन फिरवायची, असा धंदा त्याने ठरवला होता. "बाबा, आता ती मक्खन चालेल," असे म्हणाला.

मी जुन्याच्या प्रेमात पडलेला म्हातारा नाही. पुढचे सस्पेन्शन बदलता येते. टूलरूममध्ये आयुष्य काढले आहे, कापलेले आणि जोडलेले लोखंड मी भरपूर पाहिले आहे. स्वरूपच्या हाताला वेल्डिंगची जाण आहे, टाका सुरेख घालतो, हे मी रागातही लिहितो. पण बदल केल्यावर तपासायचे असते. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर सारखे आहे का? खड्ड्यात एक चाक खाली गेले की स्टिअरिंग आपोआप वळते का? कोपऱ्यांतून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा केल्या, तर दोन्ही कर्ण जुळतात का? आणि चासीला पीळ आहे का? या शेवटच्या प्रश्नाला कर्ण उत्तर देत नाहीत. कर्ण अगदी जुळतील आणि तरी एक कोपरा वर उचललेला असेल. तो पाहायचा तर सपाट जमीन लागते.

गाडी परत आली ती डावीकडे ओढत. मी मागे स्कूटरवर होतो, तर मागची चाके एका रेषेत आणि पुढची दुसऱ्या रेषेत जाताना मला स्पष्ट दिसत होती. गोखिवऱ्याला अलाइनमेंटवाल्याकडे नेली. त्याच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे आले. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, चाकं बरोबर आहेत. गाडी बरोबर नाहीये."

स्वरूपने ती पुन्हा शेडमध्ये घेतली, लोखंडी घोड्यांवर चढवली, मोजली आणि जाहीर केले की चासीच मुळात वाकडी आहे, डावी पुढची बाजू उचललेली आहे. मग साखळी लावून, जॅक लावून, तापवून ती त्याने खाली ओढली. गाडी आणखी बिघडली. मी गेटावरून ओरडलो, की अरे, माझ्या लग्नापासून जी चासी सरळ होती ती आता मुळात वाकडी कशी झाली? तर म्हणाला, "बाबा, सगळ्या जुन्या गाड्यांचं तेच असतं. डावी बाजूच उचललेली असते. आतापर्यंत जितक्या केल्या, सगळ्यांची. आपले रस्तेच तसे आहेत."

हे ऐकल्यावर मी घरात येऊन बसलो. ज्याने मापनाचे काम केले आहे त्याला या बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. येणाऱ्या प्रत्येक वस्तूत एकाच जागी एकच दोष सापडू लागला, तर वस्तू बाजूला ठेवायची आणि आपली पट्टी तपासायची.

कलम ५. पट्टी म्हणजे जमीन. हे मला वसुंधरेने सांगितले. नवरात्राच्या आधी ती शेडमधून चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, "कोबा धुतला की पानी नालीत जात नाय आता. पार तिकडच्या कोपऱ्यात जाते. बावखल खोल होतं ना, तिथं."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीचा पावसाळा झाल्यापासून. मी बोलले स्वरूपला. बोलला, आई, तू चहा दे."

मी माझा शब्द मोडला. माझा मित्र ॲन्सेल्म तुस्कानो, राहणार निर्मळ, याला गवंड्याचा लेव्हलचा पाइप घेऊन बोलावले. पारदर्शक पाइपात पाणी भरायचे, एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते, मग जमिनीपासून ते किती वर आहे ते मोजायचे. स्वरूप कळंबला शूटिंगला गेला होता. मी शेडच्या दारात, ॲन्सेल्म आतल्या डाव्या कोपऱ्यात.

"श्रीरंग, तुझ्याकडं पाणी कुठाय?"

"खुणेवर."

"माझ्याकडं दोन बोटं वर आहे रे. बघ तू येऊन."

मी जाऊन पाहिले. जागा बदलून पुन्हा पाहिले. तो कोपरा दोन बोटे बसला होता. राबिटाखालचा गाळ दबत होता आणि कोबा त्याच्याबरोबर खाली जात होता. स्वरूप प्रत्येक गाडी तोंड आत करून लावतो. म्हणून प्रत्येक गाडीची डावी पुढची बाजू त्याला जमिनीपासून उंच भरत होती आणि प्रत्येक गाडीची डावी पुढची बाजू तो ओढून खाली करत होता. सरळ चासी घेऊन यायची आणि वाकडी करून पाठवायची, वर पैसे घ्यायचे आणि पेढे खायचे. जगात दुसरीकडे कुठे गाडीवाल्यांनी स्वतःचेच बावखल भरून त्याच्यावर पीळ मोजला असेल असे मला वाटत नाही. त्यासाठी आमच्याच घराण्यात जन्म घ्यावा लागतो.

कलम ६. इथपर्यंतची चूक आहे. चुकीवर मी मुलाला बेदखल करणारा माणूस नाही. टूलरूममध्ये माझ्या हाताखाली पोरांनी लाखमोलाचे डाय बिघडवले, मी शिव्या दिल्या आणि पुन्हा शिकवले. पुढचे वाचावे.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्वरूपला समोर बसवून सगळे सांगितले. पाइप दाखवला. तो हसला. "बाबा, दोन बोटांनी काय होतंय?" मग हसू गेले, कारण वेडा तो नाही. मी म्हटले, या शेडमधून सरळ होऊन गेलेल्या सगळ्या गाड्या परत बोलाव. सगळ्यात आधी मायकलची.

मायकल डाबरे आमच्याच आळीतला. त्याची जुनी बारा सीटर गाडी आहे, वाघोलीतली आणि आसपासची मुले तो शाळेत नेतो-आणतो. तिचेही पुढचे सस्पेन्शन स्वरूपने बदलून दिले होते आणि चासी त्याच कोब्यावर ओढली होती. माझी नात ऋतिका, म्हणजे स्वरूपची मुलगी, त्याच गाडीतून शाळेत जायची. मायकलची मुलगी ॲनिशा तिच्या वर्गात आहे, दोघी शेजारी बसत.

स्वरूप दुसऱ्या दिवशी म्हणाला, "झालं बाबा, सगळ्यांना फोन केले. मायकलला पण सांगितलं. तो म्हणाला, सुट्टी लागेपर्यंत हळू चालवतो, दिवाळीच्या सुट्टीत गाडी आणून सोडतो." मी विश्वास ठेवला. मुलाच्या बोलण्यावर बापाने विश्वास ठेवू नये तर कोणाच्या ठेवावा?

सुट्टी लागली. शेडमध्ये एकही गाडी परत आली नाही. स्वरूप रोज कळंबला, नवरा-नवरी, हार, ड्रोन. मी विचारले की म्हणायचा, येतील, सीझन आहे. काल ऋतिका माझ्याजवळ बसून दप्तर भरत होती. मी सहज म्हटले, सोमवारी मायकल अंकलची गाडी किती वाजता येणार? ती म्हणाली, "आजोबा, मी त्या गाडीतून जातच नाही. तुम्ही वाडीत असता तेव्हा पप्पा स्कूटीवर सोडतात. नवरात्रापासूनच."

"का गं?"

"पप्पा म्हणाले त्या गाडीत बसायचं नाही. पण कोणाला सांगायचं नाही." मग दप्तराची चेन लावता लावता ती म्हणाली, "ॲनिशा जाते अजून."

मी हे वाक्य लिहिताना पेन दाबून लिहितो आहे, खालच्या पानावर त्याचे वण उठले आहेत. माझ्या मुलाने आपली मुलगी त्या गाडीतून उतरवली. म्हणजे त्याला माहीत होते. त्याला पटले होते, माझ्यापेक्षा जास्त पटले होते. दोन बोटांनी काय होते ते त्याला नीट कळले होते. आणि त्याने बाकीच्या सगळ्यांची मुले त्या गाडीत बसू दिली, सकाळी बसू दिली आणि दुपारी बसू दिली. मायकलला फोन केलाच नव्हता. कोणालाच केला नव्हता.

मी काल त्याला विचारले. तो म्हणाला, "बाबा, मायकलला सांगितलं तर अख्ख्या वाघोलीला कळेल. बोर्ड उतरवायला लागेल. मी बोलावून घेतो ना एकेकाला, सर्व्हिसिंगच्या नावाने, गुपचूप नीट करून देतो. कोणाला काही झालंय का आतापर्यंत?"

मी म्हटले, मग तुझी पोरगी का उतरवलीस?

अजून उत्तर दिलेले नाही. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा तरी द्यावे.

कलम ७. माझ्या बँकेतल्या सर्व ठेवी, पेन्शनची शिल्लक आणि जे काही रोख असेल त्यातून सर्वात आधी त्या शेडमध्ये चासी ओढलेल्या प्रत्येक गाडीची दुरुस्ती करून द्यावी. मालक म्हणेल त्या गॅरेजमध्ये, सपाट जमिनीवर. ज्यांनी गाड्या पुढे विकल्या त्यांच्याकडून नव्या मालकांचे पत्ते काढावेत. हे काम पूर्ण होईपर्यंत माझ्या ठेवीतला एक रुपया कोणाला मिळणार नाही, वसुंधरेचे औषधपाणी आणि घरखर्च सोडून. उरले तर वसुंधरेचे. नाही उरले तर ती मला नावे ठेवणार नाही, मी तिला विचारले आहे. ती म्हणाली, "आधी पोरांचं करा."

कलम ८. माझी हत्यारे. मायक्रोमीटर, गुणिये, सरळपट्टी आणि वडिलांचा पितळी ओळंबा हे सर्व हेमालीला. ती वापरणार नाही, पण विकणारही नाही. ऋतिका मोठी झाल्यावर मागेल तर तिला द्यावे. खरे सांगायची तिला सवय आहे, हत्यार तिच्या हातात शोभेल.

कलम ९. पिकअप स्वरूपला. होय, त्यालाच. वाचणाऱ्याने पुन्हा मागे जाऊन बघू नये, मी नाव चुकवलेले नाही.

ती त्याने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिच्यात नवरा-नवरी बसवायचे नाहीत. ज्या दिवशी तिची चासी तो सपाट जमिनीवर, ॲन्सेल्मच्या समोर, लेव्हलच्या पाइपाने तपासून सरळ करून दाखवेल, त्या दिवशी तिची चाके त्याला मिळतील. आज सकाळी मी ती चारही चाके काढून घेतली आहेत आणि गाडी विटांवर बसवली आहे. चाके ॲन्सेल्मच्या कोंबड्यांच्या खुराड्यात आहेत. कंबर धरली आहे माझी, मंगळवारी डॉक्टर ओरडतील. सरळ असलेली गाडी आपण बिघडवली, हे स्वरूपच्या हातांना कळले पाहिजे, म्हणून ती मी दुसऱ्या कोणाला देत नाही. आणि वेल्डच्या जागी रंग फासून झाकायचे नाही, टाका उघडा दिसला पाहिजे.

कलम १०. माझ्या देहाबाबत. पिकअपमधून नेऊ नये. झेंडूच्या माळा घालून, फोटो काढून नेण्याचा मोह स्वरूपला होईल, म्हणून आधीच सांगतो. स्मशान जवळ आहे, खांद्यावरून न्यावे. अग्नी हेमालीने द्यावा. स्वरूपने यावे, पण मागे, बाकीच्या माणसांत उभे राहावे.

कलम ११. या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर म्हणून मी ॲन्सेल्म तुस्कानो याला नेमतो. त्याने काम नाकारले तर हेमाली. तो नाकारणार नाही, पण वकील म्हणतात असे लिहावे लागते.

कलम १२. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. माझे तसे होणार नाही. माझा जीव मंगळवारी जातो की अजून दहा वर्षे राहतो ते मला माहीत नाही. पण उद्या सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि सकाळी मायकलची गाडी मुले भरून निघते, हे मला माहीत आहे. त्यासाठी मी मरायची वाट पाहू शकत नाही.

स्वरूपला मी काल रात्रीपर्यंत मुदत दिली होती. तो जेवला, भांडी आवाज करत ठेवली आणि शेडमध्ये जाऊन बसला. फोन केला नाही. आज दुपारी मी शेडच्या दाराशी जाऊन पुन्हा सांगितले, तर म्हणाला, "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

म्हणून लिहिले. दुसरा साक्षीदार म्हणून मी मायकललाच बोलावले आहे. कशासाठी, ते त्याला सांगितलेले नाही. तो सही करायला येईल, तेव्हा आधी हे सगळे, पहिल्या ओळीपासून, मोठ्या आवाजात वाचीन. शेडपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाकी गाडीमालकांसाठी याच्या झेरॉक्स प्रती काढून ॲन्सेल्म आजच घरोघर देईल. माझ्या घराची अब्रू त्यात जाईल असे वसुंधरेला वाटत होते. मी तिला म्हटले, अब्रू नवरात्रातच गेली, आपल्याला कळले काल.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नाही. प्रत्येक पानाखाली आणि येथे सही करतो.

सही: श्रीरंग गंगाराम चुरी
ठिकाण: वाघोली, तालुका वसई, जिल्हा पालघर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार

श्रीरंग चुरी यांनी हे लिखाण आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवले आणि आमच्यादेखत सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

१. ॲन्सेल्म तुस्कानो, रा. निर्मळ. आतल्या कोपऱ्यात पाइप मी धरला होता. लिहिले आहे ते बरोबर आहे. सही.

२. मायकल डाबरे, रा. वाघोली. सही.

सहीखाली साक्षीदार क्र. २ यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:

मला कोणाचा फोन आला नव्हता. ऋतिका का येत नाही असं मी नवरात्रात स्वरूपला विचारलं होतं. तो म्हणाला, तिला गाडी लागते. ॲनिशाने हे ऐकलं आणि आपली खिडकीजवळची जागा ऋतिकासाठी सोडून ठेवली, वारा लागला तर बरं वाटेल म्हणून. सुट्टी लागेपर्यंत तिथं कोणाला बसू दिलं नाही. श्रीरंगकाका वाचत होते तेव्हा स्वरूप शेडच्या दारात येऊन उभा होता. मी गाडी काकांच्या अंगणात ठेवली आहे आणि चावी वसुंधराकाकूंकडे दिली आहे. आता मुलांच्या घरी एकेक करून सांगायला जातो. चालत जातो.